‘देवावर भरवसा ठेव’ म्हणतात, पण ठेवायचा कसा?

रावेर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. अडीच एकर मृगबाग केळी होती, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली. त्यात हरण्या आला, म्हणजे सीएमव्ही हा विषाणूचा रोग, आणि निम्म्याहून जास्त खोडं उपटून टाकावी लागली. सोसायटीचं पीककर्ज थकलंय, शिवाय एका ओळखीच्या माणसाकडून व्याजाने पैसे घेतलेत. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्यासाठी जळगावच्या फेऱ्या. मालक कोणाशी बोलत नाहीत, रात्र रात्र ओट्यावर बसून असतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, गेल्या श्रावणात कानबाई देवीचे नैवेद्याचे रोट झाले नाहीत, म्हणून हे मागे लागलं. शेवटी ताई लिहितात, “महाराज, येतो तो सांगतो, देवावर भरवसा ठेव. मी दिवा लावते आणि मला देवाचा रागच येतो. भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?”

ताई, देवाचं आपण जरा थांबून बोलू. आधी मालकांचं.

मी ३२ वर्षं कीर्तन करतोय. माझं गाव अमळनेरकडे, बोरीच्या काठाला. लोकांना माझी सप्ताहातली, काल्याची कीर्तनं माहीत आहेत, पण माझी खरी उमर गेली ती दहाव्याच्या प्रवचनांत. कापसाच्या गावांत गेलो, केळीच्या पट्ट्यात गेलो. कितीतरी घरांत बायकांनी मला नंतर हेच सांगितलं, “महिनाभर बोलत नव्हते हो, ओट्यावर बसायचे.” म्हणून तुमची ती एक ओळ वाचल्यावर मला पुढचं काही सुचेना.

आजच्या आज दोन कामं करा. घरात, गोठ्यात, शेतातल्या खोलीत फवारणीची जी औषधं असतील ती सगळी गोळा करून भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला द्या. कारण विचारलं तर म्हणा, लेकरं घरात आहेत. आणि रात्री ओट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसा आणि सरळ विचारा, “तुमच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतं का?” असं विचारलं तर नसलेलं डोक्यात येईल, अशी आपल्याला भीती वाटते. तसं होत नाही. विचारल्यावर माणूस रडतो, चिडतो, पण त्याची छाती हलकी होते. उत्तर ‘हो’ आलं, किंवा काहीच आलं नाही, तरी त्यांना एकटं सोडू नका. १४४१६ या नंबरवर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनची माणसं रात्रंदिवस असतात, फुकट, आणि मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः आधी लावा, मग त्यांच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्या. झोप न येणं, जेवणावरची वासना उडणं हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. डॉक्टरकडे नेलं म्हणून देवावरचा भरवसा कमी झाला, असं कोणी म्हटलं तर माझं नाव सांगा.

आता रोटांचं.

हे मी जरा विस्ताराने लिहितो, कारण कर्जापेक्षा हे ओझं तुम्हाला जास्त होतंय असं मला तुमच्या पत्रातून दिसलं. कानबाई ही आपल्या खान्देशाची माय. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते, घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मुठी मोजून रोटांचं धान्य काढतात, रात्रभर बाया गाणी म्हणतात आणि सोमवारी डोळे पुसत तिला नदीवर पोचवतात. माझ्या आईने पन्नास वर्षं केलं. तुमच्याकडे गेल्या वर्षी भावकीत सुतक होतं म्हणून रोट झाले नाहीत. मग मला सांगा, जी माय म्हणून येते, ती लेकीच्या घरी मयत झालेलं बघून तिच्यावर डूख धरेल का? तुम्ही आई आहात. तुमच्या लेकराने तापात तुम्हाला हाक मारली नाही, म्हणून तुम्ही त्याचं ताट ओढून घ्याल?

आणि हरण्या कसा येतो हे तुमच्या मालकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तो विषाणू आहे. मावा एका झाडावरचा रस शोषतो आणि दुसऱ्यावर बसतो, त्याच्यासोबत रोग जातो. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची जवळ असली तर तिथेही तो राहतो. एकदा खोडात शिरला की औषधाने निघत नाही. झाड मुळासकट काढून लांब पुरून टाकायचं, एवढंच हातात. ज्याच्या घरी सगळे रोट विधिवत झाले, त्याच्याही बागेत पानांवर त्या पिवळ्या रेघा उठल्याच की. मागे मी तुमच्याच भागात एका शेतकऱ्यासोबत बांधावर उभा होतो. तो एकेक खोड हाताने धरून हलवायचा, क्षणभर तसाच थांबायचा आणि मग उपटायचा. मी विचारलं, थांबता कशाला? म्हणाला, “महाराज, याला मी जूनमध्ये पाणी घातलंय.” त्या माणसाला मी पापाचा हिशेब सांगू? देवळात उभं राहून मी तसलं बोललो तर माझी वीणा काढून घ्यावी लोकांनी.

आपल्या संप्रदायात याला मोठा दाखला आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार लेकरं. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला, गावाने वाळीत टाकलं, माधुकरी मागून जगली. त्यांनी काय पाप केलं होतं? त्या चौघांकडे बोट दाखवायची आपली छाती नाही, मग केळी गेलेल्या बाईकडे बोट का दाखवतो आपण? सासूबाईंना हे माझ्या नावाने सांगा. त्यांच्याशी भांडू नका. त्याही घाबरलेल्या आहेत. माणूस घाबरला की कारण शोधतो, आणि सगळ्यात जवळ सापडतं ते देवाचं राहिलेलं काहीतरी.

तुम्हाला राग येतो म्हणता. येऊ द्या. जनाबाईने विठ्ठलाला किती सुनावलंय हे कीर्तनात ऐकलं असेल तुम्ही. दळण दळताना, शेण्या वेचताना ती त्याला बोल लावायची. नामदेवरायांनी तर त्याच्याशी उघड भांडण मांडलं. परक्या माणसाशी कोणी असं भांडतं का? बँकेतल्या साहेबासमोर आपण मान खाली घालून “हो साहेब, हो साहेब” करतो आणि घरी येऊन नवऱ्यावर, आईवर ओरडतो, कारण ती आपली असतात. दिव्यासमोर तुम्हाला राग येतो, म्हणजे तिथे कोणीतरी आपलं आहे असं तुम्हाला अजून वाटतंय. ज्या दिवशी दिवा लावताना काहीच वाटणार नाही, त्या दिवशी मला कळवा.

तेव्हा हात जोडून “सगळं तुझ्या इच्छेने” असं खोटं म्हणू नका. म्हणा, “विठ्ठला, मला हे झेपत नाही. तू बघतोयस ना?” एवढीही प्रार्थना पुरते. माझं तर एका रात्री एवढंही झालं नव्हतं.

१५-१६ वर्षं झाली त्याला. माझी बायको धुळ्याच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात होती. रात्रीचे दोन वाजलेले. मी बाहेरच्या फरशीवर टॉवेल अंथरून बसलो होतो आणि नामस्मरण करायला गेलो तर तोंडातून ‘विठ्ठल’ फुटेना. घसा कोरडा पडलेला, तोंडाला कडू चव. हजारो लोकांना नाम घ्यायला सांगितलेला माणूस मी, आणि मला नाम येईना. मला वाटलं, संपलं, माझ्यात काही नव्हतंच कधी. शेजारी शिरपूरकडची एक म्हातारी बसली होती. तिचा मुलगा आत होता. तिने फडक्याची गाठ सोडली, कळण्याची भाकर काढली, अर्धी मोडून त्यावर ठेचा ठेवला आणि माझ्यापुढे केली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, “देव शे रे भाऊ. पन बैलले चारा तुलेच टाकना पडी.” म्हणजे देव आहे, पण बैलाला चारा तुलाच टाकावा लागेल.

मी ती भाकर खाल्ली. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते ठेच्याचं राहिलं नाही. तिने काही विचारलं नाही, लुगड्याचा पदर सावरत बसून राहिली. पहाटे मी खाली जाऊन रक्ताची बाटली आणायची होती ती आणली, भावाला फोन करून पैसे मागितले, जे मी लाजेपायी तीन दिवस मागितले नव्हते. बायको वाचली. म्हातारीचा मुलगा वाचला नाही. हे मला तुम्हाला सांगायलाच हवं, कारण कीर्तनात आपण नेहमी वाचलेल्याचीच गोष्ट सांगतो. तिचा भरवसा माझ्यापेक्षा कमी होता का? शंभर पटीने जास्त होता. भरवसा ठेवला की माणूस वाचतो, कर्ज फिटतं, बाग परत उभी राहते, असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला देव सांगत नाही, बाजारभाव सांगतोय. सकाळी तिला घेऊन जायला गाडी आली तेव्हा मी तिच्या पाया पडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या अवस्थेतही ठेवला.

म्हणून भरवसा म्हणजे काय विचारलंत तर माझं उत्तर असं आहे: पुढचं दिसत नसताना आजचं करणं, आणि दार न लावणं.

दार म्हणण्याचं कारण सांगतो. तुम्ही मुक्ताईच्या मुलखात राहता. कोथळी, मेहूण तुमच्यापासून किती लांब? तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ, आणि तापीच्या काठी मेहूणला वैशाख वद्य दशमीला, १२९७ साली, विजेच्या कडकडाटात मुक्ताई गुप्त झाली, अशी आपली परंपरा. १८ वर्षांचं सगळं आयुष्य. तिची जी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते ती चमत्काराची नाही. ज्ञानदेव एकदा लोकांच्या बोलण्याने दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. ताटी म्हणजे कामट्यांचं दार, एका धक्क्यात पडेल असं. मुक्ताईने ते ढकललं नाही. धाकटी बहीण ती, बाहेर उभी राहून हाका मारत राहिली, ज्ञानेश्वरा, उघड. समजावलं, लाडीगोडी केली, थोडं रागावलीही. आणि ज्ञानदेवांनी उघडलं. ताई, ज्ञानदेवांसारख्यालाही बाहेरून हाक मारायला कोणीतरी लागलं. मग तुमच्या मालकांना लागणार नाही का? तुम्हाला लागणार नाही का?

संकटात माणूस पहिलं काय करतो, तर ताटी लावतो. सोसायटीच्या सचिवाला टाळतो, लग्नाला जात नाही, बहिणीचा फोन उचलत नाही. देवळाच्या मागच्या गल्लीने जातो, कारण कोणी भेटलं तर विचारील. देवाकडे जायची वाट माणसांच्या गल्लीतूनच आहे हो. विठ्ठल तुमच्याकडे कोणाच्या ना कोणाच्या पायांनीच येणार.

तर तुमची एकेक ताटी उघडू.

सासूबाईंचं डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेत असलेल्या प्रत्येक दवाखान्यात तो बसतो. तुम्ही रोख पैसे भरताय असं पत्रावरून वाटतं. हे आधी थांबवा.

सोसायटीत आणि बँकेत मालकांना एकटं पाठवू नका, तुम्ही सोबत जा. कर्जाचं पुनर्गठन होतं का हे विचारा, तोंडी नाही, अर्ज देऊन, आणि पोच घ्या. थकबाकीदार म्हणून लपणाऱ्यापेक्षा समोर येऊन बसलेल्या माणसाशी बोलणं साहेबालाही सोपं जातं. फळपीक विमा काढला असेल तर तो हवामानाचा असतो, थंडी, ऊन, वारा, गारपीट यांचा. रोगाला त्यात मिळणार नाही, पण त्याच काळातला वारा किंवा पारा निकषात बसतो का ते कृषी खात्याच्या माणसाकडून तपासून घ्या.

व्याजाने पैसे देणारा तो ओळखीचा माणूस. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का? नसेल आणि तो जमिनीचा कागद मागत असेल तर सही करू नका, काही झालं तरी. २०१४ चा सावकारी कायदा आहे, तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे होते. वकील परवडत नाही ही अडचण तुम्हाला नाही. तालुका विधी सेवा समितीकडून बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आता तुम्ही म्हणाल, महाराजांना देवाचं विचारलं आणि ते निबंधक सांगत बसले. पण तुकोबांचं चरित्र आठवा. दुष्काळ पडला, पहिली बायको अन्नावाचून गेली, धंद्याचं दिवाळं निघालं. त्या सगळ्यातून उठून त्यांनी पडकं देऊळ दुरुस्त केलं आणि लोकांची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं सांगतात. दुःखात बुडालेला माणूस माती कालवत होता, आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज उतरवत होता. त्याला आपण भक्ती म्हणतो. मग अर्जावर सही करणं भक्तीत का बसणार नाही?

एक मात्र कडक सांगतो. या दिवसांत तुमच्या दारात कोणीतरी येईल. बुवा येईल, देवऋषी येईल, कोणी म्हणेल घरात बाधा आहे, एवढा उतारा करा, अमुक ठिकाणी जाऊन इतके हजार ठेवा. एक रुपया देऊ नका. भीती दाखवून पैसे काढणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे, आणि पाप तर ते आधीपासूनच आहे. नवसही कर्ज काढून बोलू नका. सप्तशृंगीला चैत्रात आपल्या खान्देशातून माणसं पायी जातात, पायाला फोड घेऊन. देवीने कधी कोणाकडे गाडीभाडं मागितलेलं मी ऐकलं नाही. येत्या श्रावणात कानबाईचे रोट करा, जरूर करा, पण घरात असेल त्या गव्हाचे करा, आणि गल्लीतल्या बायांना रात्री गाण्याला बोलवा. तिचं खरं देणं ते आहे. त्या रात्री तुमच्या घरात पंधरा बाया बसलेल्या असतील आणि मालकांना ओट्यावर एकटं बसायला जागा राहणार नाही.

रोजचं विचाराल तर फार सांगत नाही. मोठं पारायण आत्ता धरू नका. होणार नाही आणि राहिलं म्हणून पुन्हा मन खाईल. सकाळी चुलीपाशी किंवा गॅसपाशी उभ्या असाल तेव्हा पाच मिनिटं नाम घ्या, मोठ्याने, म्हणजे ओट्यावर ऐकू जाईल. संध्याकाळी दिवा लावल्यावर लेकरांना जवळ घेऊन आज काय झालं ते देवाला सांगा, जसं आजीला सांगतो तसं. “आज आजीला बरं वाटलं. आज बँकेतल्या माणसाने चहा दिला. आज आई रडली.” लेकरांना सांगू द्या. मालक सुरुवातीला येणार नाहीत. येऊ देत तेव्हा येतील. दार मात्र ओट्याच्या बाजूचं उघडं ठेवा.

उपटलेल्या जागेचं काय करायचं हे मालकांना विचारा. तुम्ही ठरवू नका, त्यांनाच विचारा. पुढे हरभरा घ्यायचा की मका, की थोडे दिवस पडू द्यायची. शेतकऱ्याला त्याच्या जमिनीबद्दल कोणी विचारलं नाही की तो आतून मरायला लागतो. ते उत्तर देणार नाहीत चार दिवस. पाचव्या दिवशी पुन्हा विचारा.

मी येत्या एकादशीला कोथळीला मुक्ताईच्या जुन्या मंदिरात आहे, सकाळी नऊपासून, दुपारचा फराळ होईपर्यंत. दोघं या. सासूबाईंची फाईल, रेशनकार्ड आणि सोसायटीची नोटीस सोबत आणा. माझ्याबरोबर टाळकऱ्यांमध्ये एक निवृत्त तलाठी असतात, कागद ते बघतील. आणि मालकांना म्हणा, महाराजांना केळीचं काही विचारायचंय, त्यांच्या शेताच्या बांधावर लावायची आहेत पाच-सहा खोडं. खरंच लावायची आहेत मला, आणि कोणती आणावीत ते मला कळत नाही.